दिक्स्थापन : भूमापन व वास्तुआलेखन
दिक्स्थापन : जमिनीवरील दिशा आणि कागदावरील दिशा यांचा परस्परसंबंध ठरवून तो आलेखात नोंदविण्याच्या क्रियेस दिक्स्थापन म्हणतात. कोणत्याही नकाशात वा बांधकामाच्या आराखड्यात दोन चौकटी एकत्र नांदत असतात. एक चौकट पृथ्वीची. तिच्यात प्रत्येक बिंदूचे स्थान अक्षांश–रेखांशांनी अथवा ठरावीक आदिबिंदूपासून मोजलेल्या सहनिर्देशकांनी निश्चित होते. दुसरी चौकट कागदाची. तिच्या कडा आयताकृती असतात व आकृती वाचनीय व्हावी म्हणून ती या कडांना समांतर काढणे सोयीचे असते. शेत, रस्ता वा इमारत क्वचितच नेमकी उत्तर–दक्षिण असते. त्यामुळे कागदासाठी आकृती फिरवावी लागते; परंतु तीमुळे जमिनीवरील स्थान हलता कामा नये. किती अंशांनी व कोणत्या बिंदूभोवती आकृती फिरविली, ही नोंद दोन्ही चौकटींना जोडणारा दुवा होय. ही नोंद नष्ट झाल्यास आराखडा आकाराने अचूक राहूनही स्थानाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्रात हा दुवा कसा राखला गेला, कोठे सुटला आणि सुटल्यामुळे कोणते प्रश्न उद्भवले, हे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते. पुणे जिल्ह्यातील भीमाकाठच्या कोरेगावाहून हे कोरेगाव भिन्न आहे. ते साताऱ्याच्या पूर्वेस असून पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक आहे. सातारा व कोरेगाव यांच्या दरम्यान जरंडेश्वराचा डोंगर आहे. डोंगरउतार, ओढ्यानाल्यांकाठची वेडीवाकडी शेते, दाट वस्तीची गावठाणे आणि त्यांतून गेलेला लोहमार्ग यांमुळे येथील भूभागावर कागदाची सरळ चौकट सहजासहजी बसत नाही.

प्राचीन दिक्साधन : दिशा निश्चित करण्याची भारतातील जुनी व विश्वसनीय पद्धत शंकूची होय. कात्यायन शुल्बसूत्रात ती सांगितली आहे. सपाट केलेल्या जमिनीत शंकू रोवून त्याच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढतात. सकाळी छायेचे टोक वर्तुळाच्या आत शिरते आणि मध्यान्हानंतर बाहेर पडते. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्व–पश्चिम असते. सकाळ व दुपार यांच्या दरम्यान सूर्याची क्रांती किंचित बदलत असल्याने या रेषेत अल्प दोष राहतो. ही सूक्ष्मता पुढील काळातील ज्योतिर्गणितज्ञांनी लक्षात घेतली व तीसाठी संस्कार सांगितले.

या साधनाचे वैशिष्ट्य असे की, ते दिशा आणि स्थान या दोहोंची माहिती देते. पण निरनिराळ्या रीतीने. दिशा दोन छायाबिंदूंवरून मिळते. स्थानाचा बोध विषुवदिनाच्या मध्यान्ह छायेवरून, म्हणजे पलभेवरून होतो. कोरेगावचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर असल्याने तेथे १२ अंगुळे उंचीच्या शंकूची पलभा सुमारे ३.८ अंगुळे येते. अर्थात पलभेवरून केवळ अक्षांश कळतो, रेखांश नव्हे. तथापि दिशा व स्थान ही दोन स्वतंत्र राशी असून प्रत्येकीचे मापन वेगळे करावे लागते, हे तत्त्व या साध्या उपकरणातच स्पष्ट झालेले आहे.

देवालयांची बांधणी बहुधा पूर्वाभिमुख असे, तर मशिदीची दिशा मक्केकडे धरावी लागे. कोरेगाव परिसरातून मक्केची दिशा, पृथ्वीची गोलाई लक्षात घेता, ठीक पश्चिमेच्या सुमारे १२ अंश उत्तरेकडे येते. घरे व वाडे मात्र पुष्कळदा रस्त्याच्या वळणाप्रमाणे आणि जागेच्या आकाराप्रमाणे उभे राहत. म्हणजे एकाच गावठाणातील इमारतींच्या दिशा वेगवेगळ्या असत. जुन्या भारतीय हस्तलिखित नकाशांपैकी अनेकांमध्ये अक्षरे निरनिराळ्या बाजूंनी वाचावी लागतात. कागद फिरवीत वाचणे ही त्या काळची रीतच होती. कोणतीही एक कड वरची असे बंधन नव्हते.

महसुली भूमापन : इंग्रजी अमलात दख्खनमध्ये रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी १८२७ नंतर केलेली मोजणी व आकारणी अयशस्वी ठरली. त्यानंतर १८३५ मध्ये इंदापूर येथे हेन्री गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी नव्या पद्धतीस प्रारंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम स्थिर झाले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ही मोजणी त्या मुलखातही क्रमाने लागू करण्यात आली.

या मोजणीची साधने साधी होती. ३३ फुटांची साखळी १६ आण्यांत विभागलेली असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. काटकोन साधण्याच्या उपकरणासही मोजणीदारांच्या भाषेत शंकू असेच म्हणतात. त्यावरून शंकू-साखळी हा शब्दप्रयोग रूढ झाला. मात्र प्राचीन शंकू सूर्यावरून दिशा सांगे, तर मोजणीचा शंकू केवळ पायारेषेशी काटकोन करून देई. नाव तेच राहिले, परंतु आकाशाशी असलेला संबंध तुटला.

शेताच्या आतून एक पायारेषा घेऊन तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब मोजीत आणि ही मापे टिपणात लिहीत. टिपण हे प्रमाणबद्ध चित्र नव्हे. ते मापे लिहिलेले रेखाटन होय. टिपणांच्या आधारे गावाचा नकाशा तयार होई. त्याचे रूढ प्रमाण १ इंचास ६६० फूट, म्हणजे २० साखळ्या, किंवा १ : ७,९२० असे होते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महसुली मोजणीचा हेतू क्षेत्रफळ काढून त्यावर आकार बसविण्याचा होता. आकृती कितीही अंशांनी फिरविली किंवा इकडून तिकडे सरकविली, तरी तिचे क्षेत्रफळ बदलत नाही. त्यामुळे नकाशा खऱ्या उत्तरेपासून थोडा ढळला किंवा गावाचा नकाशा पृथ्वीच्या सहनिर्देशकांशी जोडला गेला नाही, तरी सारावसुलीत बाधा येत नसे. दोष होता, पण तो ज्या कामासाठी नकाशा केला त्या कामात दिसत नव्हता. क्षेत्रफळाऐवजी बांधाचे नेमके स्थान महत्त्वाचे ठरले, तेव्हाच तो उघडकीस आला.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण : याच काळात देशात दुसरी मोजणी चालू होती. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून तिचा आरंभ केला. हे कार्य उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मूल्ये निश्चित केली, त्यांवर आधारलेला विवृत्ताभ भारतातील नकाशांचा दीर्घकाळ पाया राहिला.

या सर्वेक्षणावर आधारलेल्या स्थलवर्णन-नकाशांत पत्रकाच्या कडा अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांवरून ठरतात. १७ ते १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ अंश पूर्व रेखांश यांमधील प्रदेशाचे पत्रक ‘४७ के’ या क्रमांकाचे असून कोरेगाव त्यात येते. अशा पत्रकात पृथ्वी कागदाची चौकट ठरविते. इमारतीच्या आराखड्यात इमारत ती ठरविते. गावाच्या महसुली नकाशात बांधांचा तपशील आहे, पण पृथ्वीवरील स्थानाची हमी नाही. स्थलवर्णन-नकाशात स्थानाची हमी आहे, पण बांध नाहीत. या दोन परंपरा शतकाहून अधिक काळ समांतर राहिल्या.

तीन उत्तर दिशा : नकाशावर ‘उत्तर’ या शब्दाचे तीन अर्थ संभवतात. पृथ्वीच्या आसाचे टोक दाखविणारी ती खरी उत्तर, होकायंत्राची सुई दाखविते ती चुंबकीय उत्तर आणि नकाशाच्या चौरस जाळीतील उभ्या रेषा दाखवितात ती जाल-उत्तर.

चुंबकीय उत्तर स्थिर नसते. तिच्यातील बदल नोंदविण्यासाठी मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नियमित चुंबकीय निरीक्षणे होत होती. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यावर विद्युत्‌ प्रवाहामुळे निरीक्षणांत विक्षेप येईल हे ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. यावरून जुन्या आराखड्यावरील बाण होकायंत्राने काढलेला असल्यास मोजणीचे वर्ष ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते दिसून येते.

जाल-उत्तर ही गोल पृथ्वी सपाट कागदावर आणल्यामुळे निर्माण होते. सध्या प्रचलित असलेल्या सार्वत्रिक आडव्या मर्केटर जाळीच्या ४३ व्या पट्ट्याचा मध्य रेखांश ७५ अंश पूर्व आहे. कोरेगाव त्याच्या पश्चिमेस सुमारे ०.८ अंशावर असल्याने तेथे जाल-उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे पाव अंश पश्चिमेकडे ढळलेली असते. पाव अंश नगण्य वाटतो. परंतु १०० मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाशी त्यामुळे सुमारे ४४ सेंटिमीटरांचा फरक पडतो. तेथे जाळीचा प्रमाणगुणक सुमारे ०.९९९७ असल्याने जाळीतील १ किलोमीटर अंतर प्रत्यक्षाहून सुमारे ३० सेंटिमीटर कमी भरते. लहान इमारतीच्या बाबतीत हा दुसरा दोष दुर्लक्षिता येतो. कालवा वा लोहमार्ग यांच्या बाबतीत मात्र तो हिशेबात धरावाच लागतो.

प्लेन टेबल व आलेखनफलक : कागद आणि जमीन यांचा संबंध डोळ्यांसमोर मांडणारे उपकरण म्हणजे प्लेन टेबल. तिपाईवरील फळीवर कागद लावून, जमिनीवरील ज्ञात रेषा व कागदावरील तीच रेषा एका दिशेत येईपर्यंत फळी फिरवितात आणि मग ती घट्ट करतात. गाव कागदावर मावावे म्हणून मोजणीदार प्रारंभीच कागद सोयीस्कर कोनात लावतो. मात्र काम सुरू करण्यापूर्वी होकायंत्राने उत्तररेषा त्याच कागदावर आखून ठेवतो. कागद फिरविण्याचे स्वातंत्र्य आणि त्याची नोंद ठेवण्याचे बंधन ही दोन्ही येथे एकाच कृतीत पाळली जातात.

वास्तुआलेखनात हीच रीत कार्यालयात आली. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. आलेखनफलकाच्या कडेवर सरकणाऱ्या टी-पट्टीने आडव्या रेषा व गुण्यांनी उभ्या रेषा काढीत असल्याने भिंती कागदाच्या कडांना समांतर ठेवणे भागच होते. म्हणून इमारतीचा तलविन्यास सरळ काढून कोपऱ्यात उत्तरेचा तिरका बाण देण्याची व सभोवतालच्या जागेचा आराखडा वेगळा जोडण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रातील बांधकाम परवानगीच्या नियमांतही जागेच्या आराखड्यावर उत्तर दिशा दाखविणे आवश्यक मानले आहे. लोहमार्गाच्या आराखड्यांत याची पुढची पायरी दिसते. मार्ग वळणे घेत जातो, पण कागदाची पट्टी सरळच असते. म्हणून मार्ग पत्रकाच्या लांबीत बसवून प्रत्येक पत्रकावर उत्तरेचा बाण निराळ्या कोनात काढावा लागतो.

एकत्रीकरण व त्याचे परिणाम : १९४७ च्या मुंबई धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबतच्या अधिनियमानुसार अनेक गावांत सर्व्हे क्रमांकांऐवजी गट क्रमांक आले. अनेक ठिकाणी गटनकाशे जुन्या नकाशांच्या आधारे तयार झाले. जुन्या नकाशातील दिशेचा वा जोडणीचा दोष त्यांबरोबर नव्या नकाशात उतरला. सातबाराच्या उताऱ्यावरील क्षेत्र बरोबर, आकारही बरोबर, परंतु हद्द कायम मोजणीच्या वेळी नकाशातील रेषा बांधावर न पडता शेजाऱ्याच्या पिकात पडते, असे प्रसंग यातून उद्भवतात. अशा वेळी शिवेचा जुना दगड, विहीर, ओढ्याचा न हललेला काठ यांसारख्या खुणा निर्णायक ठरतात. कारण कागद व जमीन यांना जोडणारा दुवा तेवढ्याच खुणांत उरलेला असतो. कोरेगावसारख्या बागायती तालुक्यात एका फुटाच्या बांधावरूनही पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू शकतात, हे पाहता आलेखनातील या तांत्रिक बाबीचे सामाजिक महत्त्व लक्षात येते.

संगणकीय आलेखन : १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड या प्रणालीद्वारे संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करून दाखविले. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले. १९८८ च्या दहाव्या आवृत्तीत वापरणाऱ्यास स्वतःचे अक्ष ठरविण्याची सोय झाली. त्यामुळे मूळ सहनिर्देशक जसेच्या तसे ठेवून, इमारतीच्या भिंतींना समांतर अक्ष घेऊन काम करणे शक्य झाले. २००० मध्ये आलेल्या रेव्हिटसारख्या प्रणालींत कागदाचा आलेख प्रत्यक्ष रेखाटला जात नाही. इमारतीचे एकच त्रिमितीय प्रतिमान असते आणि निरनिराळी पत्रके ही त्याची दृश्ये असतात. म्हणून तीत ‘प्रकल्पाची उत्तर’ व ‘खरी उत्तर’ अशा दोन दिशा वेगळ्या नोंदविल्या जातात. पत्रकासाठी दृश्य फिरवावयाचे असते, प्रतिमान नव्हे.

हा भेद न पाळल्यास काय होते, हे एका कल्पित उदाहरणावरून कळेल. कोरेगाव येथे ६० मीटर लांबीची शाळा बांधावयाची असून तिची लांबी पूर्व दिशेशी उत्तरेकडे ३० अंशांचा कोन करते, असे समजू. एका कोपऱ्यापासून दुसरे टोक ६० गुणिले ३० अंशांची कोज्या, म्हणजे ५१.९६ मीटर पूर्वेस, आणि ६० गुणिले ३० अंशांची ज्या, म्हणजे ३० मीटर उत्तरेस येते. पत्रकावर शाळा आडवी दिसावी म्हणून कोणी प्रतिमानच त्या कोपऱ्याभोवती ३० अंशांनी फिरविले आणि त्यावरून पायाची आखणी केली, तर दुसरे टोक योग्य जागेपासून सुमारे ३१ मीटर दूर पडेल. भिंतींची मापे, खोल्यांची क्षेत्रफळे व खर्चाचा अंदाज यांत कोठेही चूक आढळणार नाही. पाया मात्र शेजारच्या जमिनीत खणला जाईल.

सहनिर्देशक राखण्यात आणखी एक अडचण असते. कोरेगावचा जाळीतील पूर्वांक ४ लाख मीटरांहून थोडा अधिक व उत्तरांक साडेएकोणीस लाख मीटरांच्या आसपास आहे. एवढी मोठी संख्या संगणकात एकेरी अचूकतेने साठविल्यास लगतच्या दोन साठविता येण्याजोग्या संख्यांत १२.५ सेंटिमीटरांचे अंतर पडते. विटेची जाडीही त्यात हरवते. म्हणून इमारतीजवळ स्थानिक आदिबिंदू घेऊन तपशील लहान आकड्यांत ठेवतात आणि त्या बिंदूचा पूर्वांक, उत्तरांक, समुद्रसपाटीपासूनची उंची, फिरविण्याचा कोन व प्रमाणगुणक एवढीच माहिती स्वतंत्र नोंदवितात. इमारतींच्या माहितीची देवाणघेवाण करण्याच्या २०१३ मधील आंतरराष्ट्रीय मानकात या नोंदीसाठी निश्चित जागा ठेवली गेली.

सद्यःस्थिती : राष्ट्रीय नकाशा धोरणाने २००५ मध्ये नागरी वापराच्या नकाशांसाठी उपग्रहाधिष्ठित जागतिक संदर्भप्रणालीचा स्वीकार केला. एव्हरेस्ट यांच्या विवृत्ताभावरील अक्षांश–रेखांश नव्या प्रणालीत तसेच वापरले, तर कोरेगाव परिसरात जमिनीवर शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणून सहनिर्देशकांबरोबर ते कोणत्या प्रणालीतील आहेत हे लिहिणे अनिवार्य आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली. पूर्वीच्या मोजणीत गावठाण हे बहुधा शेतांच्या नकाशातील एक रिकामी जागा म्हणून राहिले होते. या मोजणीत घरांच्या हद्दी पृथ्वीच्या सहनिर्देशकांत नोंदविल्या जातात. भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीतही साखळी व प्लेन टेबल यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि उपग्रहसंदेश ग्रहण करणारे रोव्हर यांनी घेतली आहे.

तथापि नवी साधने जुना प्रश्न आपोआप सोडवीत नाहीत. गावाच्या जुन्या नकाशाचे संगणकीय चित्र उपग्रहचित्रावर बसविताना ते फिरवावे, सरकवावे व प्रसंगी ताणावे लागते. फिरविणे व सरकविणे यांनी आकृतीचा आकार बदलत नाही. ताणण्याने तो बदलतो, आणि त्याबरोबर खातेदाराचे क्षेत्रही बदलते. कोणत्या खुणा आधारासाठी घेतल्या व आकृतीत किती बदल केला, याची नोंद नकाशासोबत राहिली तरच पुढच्या मोजणीदारास तो तपासता येतो. शंकूच्या छायेपासून त्रिमितीय प्रतिमानापर्यंत साधने बदलत गेली. पण कागद सोयीनुसार फिरवावा, जमीन आपल्या जागी राहू द्यावी आणि दोहोंमधील कोन लिहून ठेवावा, हा दिक्स्थापनाचा मूळ नियम कायम राहिला आहे.